बुडखा गोड, शेंडा फिका
पानात तयार झालेलं ग्लुकोज झाड तसंच खोडाकडे पाठवतं, हे उसाच्या गोडीवरच्या लेखातलं वाक्य खटकलं. उसासकट बहुतेक झाडांत रसवाहिन्यांतून जातं ते सुक्रोज, म्हणजे आपली चहातलीच साखर. बटाटा तिचा स्टार्च करून ठेवतो. ऊस मात्र पेरांमधल्या पेशींच्या रिक्तिकांत, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशव्यांत, ती तशीच साठवतो. शेंड्याकडची कोवळी पेरं वाढीसाठी ती फोडून वापरतात, म्हणून बुडखा गोड आणि शेंडा फिका. मांजरी इथे ऊस संशोधनाची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट असलेल्या पुण्यात हे सांगावं लागतंय! आणि हो, तोडणीनंतर सुक्रोज फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होऊ लागतं, उन्हात तर जास्तच. त्यामुळे रसवंतीवर सुकलेल्या मोळ्या दिसल्या की मी सरळ लिंबू सरबत मागवतो.