अजिंठा-वेरूळ एकाच ठिकाणी नाहीत हो

ग्रुपवर फिरतोय तो मेसेज, की अजिंठा-वेरूळ शेजारी-शेजारी, कैलास लेणं अजिंठ्यात आणि दोन्ही सोमवारी बंद, तो चुकीचा आहे. नावं जोडीने घेतो म्हणून गोंधळ होतो बहुतेक. संभाजीनगरहून वेरूळ साधारण ३० किमी, अजिंठा १०० च्या आसपास, आणि रस्तेही वेगळे. सोमवारी अजिंठा बंद, वेरूळ मंगळवारी. कैलास म्हणजे वेरूळचं १६ नंबरचं लेणं, ८व्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं, एकाच खडकात वरून खाली कोरत आणलंय, मागच्या कड्यावर छिन्नीचे उभे घाव अजून दिसतात, ते बघाच. पद्मपाणीचं, म्हणजे कमळ हातात घेतलेल्या बोधिसत्त्वाचं चित्र मात्र अजिंठ्यातच, लेणं १. अजिंठ्याला गाडी फर्दापूर फाट्यावर लावून पुढे एसटीने जायचं.