पहिल्या पाच वर्षांची भीती

दांडिया बाजारातले हळदीकुंकू असो, मांजलपूरच्या सोसायटीतला गणपती असो किंवा व्हॉट्सॲपवरचा कुटुंबाचा गट असो, सध्या आमच्या वडोदऱ्याच्या मराठी घरांत एक वाक्य फार ठामपणे ऐकू येते: मुलाच्या मेंदूचा 90 टक्के विकास पहिल्या पाच वर्षांतच होतो. ते ऐकून तिशीतल्या आया धास्तावतात, दोन वर्षांच्या लेकराला कुठल्यातरी बुद्धिवर्धक वर्गात घालतात आणि नोकरीवर जाताना उंबऱ्यातच अपराधी होतात. त्याच वाक्याची दुसरी बाजू चाळिशीतल्या पुरुषांच्या तोंडी असते: वडील उठता-बसता मारत, म्हणून मी असा तापट झालो, आता या वयात काय बदलणार? बालविकास हा विषय इथल्याच विद्यापीठात शिकले आणि पुढे बरीच वर्षे बालवाडीत काम केले, त्यामुळे ही दोन्ही विधाने ऐकून मला गप्प बसवत नाही.

त्या वाक्यातला आकडा मुळात मेंदूच्या आकारमानाचा आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या मेंदूचे आकारमान प्रौढाच्या मेंदूच्या जवळपास 90 टक्के असते, एवढेच ते सांगते. संयम ठेवणे, पुढचा विचार करणे, मोहाला नकार देणे ही कामे ज्या कपाळामागच्या भागाकडे असतात, त्याची जडणघडण विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. काही क्षमतांना मात्र खरोखरच वयाची अट असते. जन्मतःच दाट मोतीबिंदू असलेल्या बाळावर पहिल्या काही महिन्यांत शस्त्रक्रिया झाली नाही, तर पुढे डोळा स्वच्छ करूनही दृष्टी पूर्ण येत नाही. भाषा कानावर पडण्याचेही काहीसे असेच आहे. पण स्वभाव, नाती, काम करण्याची उमेद, दुःख पचवण्याची ताकद या गोष्टींना मोतीबिंदूचा नियम लावता येत नाही, आणि आपल्या चर्चेत नेमका तोच लावला जातो.

मग बालपणातले खोलवर काय उतरते? याचे सर्वांत विदारक उत्तर रुमानियातून आले. 1989 मध्ये चाउशेस्कूची राजवट कोसळली, तेव्हा तिथल्या सरकारी अनाथालयांत हजारो मुले आढळली. त्यांच्या भुकेची आणि आजारपणाची छायाचित्रे जगभर गेली. परंतु संशोधकांना अधिक हादरवले ते त्यांच्या एकटेपणाने. सांभाळणाऱ्या बाया पाळीपाळीने बदलत, एकेकीच्या वाट्याला खूप मुले येत, आणि रडले की अमुक एक माणूस आपल्याकडे येते, हा अनुभव त्या मुलांना मिळतच नसे. चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी 2000 पासून बुखारेस्टमध्ये अशा 136 लहान मुलांचा अभ्यास सुरू केला आणि त्यांतील निम्म्या मुलांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून प्रशिक्षित पालक-कुटुंबांत ठेवले. घर मिळालेली मुले संस्थेत राहिलेल्यांपेक्षा बुद्धीने आणि भावनेने बरीच सावरली. ज्यांना साधारण दोन वर्षांच्या आत घर मिळाले, त्यांना अनेक बाबतींत अधिक लाभ झाला.

या अभ्यासाचा आधार घेऊन जेव्हा कुणी नोकरदार आईला बोल लावते, तेव्हा मला राग येतो. सकाळी नऊला घराबाहेर पडून संध्याकाळी परत येणारी आई आणि ज्याला कुणीच नाही असे अनाथालयातले मूल, यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. नुकसान दिवसेंदिवस, वर्षानुवर्षे कुणीच न येण्याने झाले होते. एखादा चुकलेला दिवस, एक चपराक, एक रडारड यांनी ते होत नाही.

एका कायम माणसाचे हे महत्त्व हवाई बेटांपैकी कवाई बेटावर झालेल्या प्रदीर्घ अभ्यासात आणखी स्पष्ट दिसते. एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी 1955 मध्ये तिथे जन्मलेल्या 698 मुलांचा चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. दारिद्र्य, घरातली भांडणे, आईवडिलांचे व्यसन किंवा मानसिक आजार अशी अनेक संकटे ज्यांच्यावर एकदम होती, त्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश मुले तरीही समर्थ, आत्मविश्वासू आणि दुसऱ्याची काळजी घेणारी माणसे झाली. त्यांच्या आयुष्यांत जे वारंवार आढळले त्यात एक गोष्ट ठळक होती: त्यांच्याशी घट्ट बांधलेले निदान एक प्रौढ माणूस. ते आई असेलच असे नव्हते. कुणाची आजी होती, कुणाची मावशी, कुणाचे शिक्षक, तर कुणाचे शेजारी.

हे वाचले की आमच्या दक्षिणी, म्हणजे वडोदऱ्यातल्या मराठी, मंडळींना लगेच रावपुऱ्यातले आणि वाडीतले जुने वाडे आठवतात. आजीच्या कुशीतली झोप, आत्याने घातलेली वेणी, आईने रागावले की काकूच्या पदराआड लपण्याची सोय. ती सोय खरी होती, आणि मुलाला माणसांचा पर्याय असणे ही फार मोठी गोष्ट होती. पण त्या आठवणींवर जरा जास्तच साखर पेरलेली असते. त्याच वाड्यांत मुलांना वळ उठेपर्यंत मार बसे, सावळ्या मुलीला गोऱ्या बहिणीसमोर उभे करून बोलले जाई, आणि ज्या विधवा आत्याने सगळ्यांची मुले वाढवली तिच्या स्वतःच्या मनाची विचारपूस कुणी केली नाही. त्यामुळे एकत्र कुटुंब मोडले म्हणून मुले बिघडली, हा निष्कर्ष मला मान्य नाही. गोत्रीच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमधल्या मुलाला बाबा रोज रात्री शेजारी बसवून जेवू घालत असतील, तर त्या मुलाचे ते एक माणूस आहे.

1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी साडेनऊ हजारांच्या आसपास प्रौढांना त्यांच्या बालपणातल्या मारहाण, लैंगिक छळ, घरातले व्यसन यांसारख्या आघातांविषयी विचारले. चार किंवा अधिक प्रकारचे आघात सोसलेल्यांमध्ये दारूचे व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचे प्रमाण असा एकही अनुभव नसलेल्यांपेक्षा चार ते बारा पट आढळले. हृदयविकारासारखे शरीराचे आजारही वाढलेले दिसले. तेव्हापासून ‘लहानपणचे विसरून जा’ हा उपदेश निदान डॉक्टरांनी तरी देऊ नये, असे मला वाटते. परंतु त्या अभ्यासावरून तयार झालेल्या प्रश्नावल्या आता लोक मोबाइलवर सोडवतात आणि गुण मोजून स्वतःचे भविष्य ठरवतात. समूहाचे धोके दाखवणारी ही मोजणी एकेका व्यक्तीचे भाकीत करण्यासाठी वापरू नये, असे पुढे खुद्द अँडा यांनीच लिहिले आहे. जन्मपत्रिकेवरून उठून या दुसऱ्या पत्रिकेवर बसण्यात काय मिळवले?

आपल्या शहराला तर याबाबतीत दूरचे उदाहरण शोधण्याची गरजच नाही. 1863 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावी शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला गोपाळ बारा वर्षांचा होईपर्यंत औपचारिक शिक्षणापासून जवळजवळ वंचित होता. 1875 मध्ये महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतले आणि तो सयाजीराव झाला. नंतरची सहा वर्षे इलियट या शिक्षकाच्या हाताखाली आणि दिवाण टी. माधवराव यांच्या देखरेखीत त्याचे रोज, ठरलेल्या वेळी, न चुकता शिक्षण झाले. 1881 मध्ये राज्यकारभार हाती घेतलेल्या या माणसाने 1893 मध्ये अमरेली भागात आणि 1906 मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पाच वर्षांत सगळे संपते हे खरे असते, तर या शहरातली अर्धी संस्थात्मक श्रीमंती उभीच राहिली नसती. राजवाड्याची साधने सगळ्यांना मिळत नाहीत, हे मान्य. परंतु कवळाण्याची ती बारा वर्षेही वाया गेलेली नव्हती. शेतीचे कष्ट जवळून पाहिलेल्या मुलाला शाळा कुणाला मिळत नाही, हे कुणी शिकवावे लागले नसेल.

कवाईच्या अभ्यासातला जो भाग क्वचितच सांगितला जातो, तो चाळिशीतल्या त्या तापट गृहस्थांसाठी आहे. अठराव्या वर्षी ज्यांची गणना बिघडलेल्यांत झाली होती, त्यांतील बरेच जण तिशी-चाळिशीत सावरलेले आढळले. कुणाला समजूतदार जोडीदार मिळाला, कुणी प्रौढ वयात पुन्हा शिक्षण घेतले, कुणाला सैन्यातल्या शिस्तीने आणि हाताला मिळालेल्या कौशल्याने उभे केले, कुणी एखाद्या धर्मसमुदायात रुजले. वडिलांच्या माराने त्यांच्या स्वभावाला कल दिला असेल, आणि तो कल पुसणे अवघड असते, हे मी नाकारत नाही. पण बायकोवर हात उगारण्याआधी थांबायचे की नाही, हा निर्णय वडिलांवर ढकलता येत नाही.

राहिला प्रश्न ज्यांच्या घरी त्या एका माणसाला वेळच नाही त्यांचा. जमैकाच्या किंग्स्टनमध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी 1986-87 मध्ये कुपोषणाने खुजी राहिलेली 129 बालके निवडली. त्यांपैकी काहींच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर आरोग्यसेविका जात असे आणि घरच्याच वस्तूंची खेळणी घेऊन आईने मुलाशी कसे खेळावे, कसे बोलावे हे दाखवत असे. दोन वर्षे एवढेच चालले. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई, ज्यांच्याकडे कुणी गेले नव्हते अशा मुलांपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त निघाली.

अशी सेविका आपल्याकडे नाही असे नाही. 2 ऑक्टोबर 1975 पासून आपल्याकडे आंगणवाडी आहे, तिच्यात एक कार्यकर बहेन, म्हणजे सेविका, आहे आणि मुलांना घरून बोलावून आणणारी तेडागर बहेन आहे. त्या कार्यकर बहेनला वजने घ्यायची, नोंदी भरायच्या, मोबाइलच्या ॲपवर फोटो चढवायचे, आहार वाटायचा, आणि त्यातून वेळ उरलाच तर एखाद्या मुलाला मांडीवर घेऊन गोष्ट सांगायची. महिन्याला हजारो रुपये घेणाऱ्या बुद्धिवर्धक वर्गांविषयी आपण सोसायटीच्या बैठकीत तासभर बोलतो, आणि मागच्या गल्लीतली आंगणवाडी किती वाजता उघडते हे आपल्याला माहीत नसते. महापालिकेच्या पुढच्या निवडणुकीत जो कुणी मते मागायला आमच्या जिन्यावर येईल, त्याला मी वॉर्डातल्या आंगणवाड्यांत किती जागा रिकाम्या आहेत, एवढेच विचारणार आहे.