वाफसा कोणत्या रकान्यात?

परभणीच्या प्राध्यापक मित्राशी गेल्या आठवड्यात फोनवर वाजलं. त्याचं म्हणणं, परदेशी विद्यापीठाशी भागीदारी हवी असेल तर पहिल्या दिवसापासून सगळं इंग्रजीत करायचं, शेतकऱ्यांच्या मुलाखतींच्या नोंदीसुद्धा. "मराठीत विचार करणारी पोरं तिकडं उघडी पडतात."

बारा वर्षं हेलसिंकीत काढल्यावर हे ऐकून घेणं मला जड जातं. फिनिश मातृभाषा असलेले ५० लाखांच्या आसपास. आपण २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख. तरी इथं मूल फिनिश किंवा स्वीडिश, ज्या भाषेत शाळा शिकलं, त्याच भाषेत पदवीची क्युप्स्यूस्नायते, म्हणजे प्रौढता-चाचणी, लिहून दाखवतं. तेर्मीपांक्कीत, म्हणजे शास्त्रीय संज्ञांच्या ऑनलाइन कोशात, संज्ञा आणि व्याख्या त्या-त्या विषयाचे संशोधक स्वतः भरतात. लेख ते इंग्रजीत छापतात, मान्य. पण घरचं दार बंद करून नाही. आपल्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश किती विभागांत उघडले जातात?

आमच्या मातीच्या प्रकल्पात मराठवाड्यातली मुलं होती. शेतकरी सांगायचे, "वाफसा आला नव्हता, पेरणी लांबली." मुलं थेट इंग्रजीत लिहायची: जमीन ओली. पाऊस उघडला, चिखल ओसरला, ओल राहिली आणि मातीत हवाही खेळू लागली, की वाफसा. म्हणजे शेतकरी ज्याची वाट पाहत होता तेच नोंदीतून गळालं, आणि इथल्या तक्त्यात उरला नुसता जादा ओलावा. ध्वनिफिती पुन्हा ऐकल्या तेव्हा कळलं. मग तीन रकाने केले: शेतकऱ्याचं वाक्य जसंच्या तसं, शब्दाचा खुलासा मराठीत, शेवटी इंग्रजी. पंधरा दिवसांत तीच मुलं आमच्या फिनिश सहकाऱ्यांना उलट प्रश्न विचारू लागली. उघडं पडणं म्हणतात ते हे का?

मित्राचं वाक्य तरी डोक्यातून जात नाही. त्याचं कारण मला ठाऊक आहे. माझा स्वतःचा प्रबंध इंग्रजीत, गोषवारा फिनिशमध्ये. मराठीत एक ओळ नाही. करोंकाला, म्हणजे प्रबंधाच्या जाहीर चर्चेनंतरच्या मेजवानीला, आई-आप्पा आले होते. आभार मी दोन भाषांत मानले, दोन्ही त्यांना न कळणाऱ्या. आप्पांनी जेवताना हळूच विचारलं, "नेमकं काय शोधलंस गं?" आयुष्यभर काळ्या मातीत राबलेला माणूस, आणि त्याला मी "ओलीचा अभ्यास आहे, आप्पा" एवढंच सांगू शकले. त्यांनी मान डोलावली. पुढं काही विचारलं नाही.

परवा पहिलं प्रकरण मराठीत लिहायला घेतलं. वाफसा पहिल्याच पानावर आला. दुसऱ्या पानावर, मातीच्या बारीक पोकळ्यांतून पाणी वर चढतं तिथं अडले, शब्दच आठवेना. शेवटी त्याच मित्राला फोन लावला. त्यानं क्षणात सांगितला: केशाकर्षण.