वीझची शेल्टरं कशासाठी? मिरजकर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

मिरजकर साहेब, नमस्कार.

एक्स-प्लेन या विमान उडवण्याच्या सिम्युलेटरसाठी मी मांडलेल्या जर्मनीतल्या वीझ विमानतळाबद्दल एवढं सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचे आक्षेप चार आहेत. वीझच्या रानातली शेल्टरं (लढाऊ विमानं झाकायच्या काँक्रीटच्या कमानी) आणि जुने टॅक्सीवे (विमानांचे जमिनीवरचे रस्ते) मांडण्यात मेहनत वाया गेली, कारण ब्रिटिश हवाई दल तिथून १९९९ मध्येच निघून गेलं. त्या पसाऱ्यापायी तुमच्या मशीनवर फ्रेम पडतात, म्हणजे चित्र अडखळतं. धावपट्टी उपग्रह-चित्रावर बसेना म्हणून तुम्ही ती चार मीटर सरकवली, तर आता आयएलएस (रेडिओ लहरींनी विमान पट्टीवर आणणारी यंत्रणा) विमान मध्यरेषा सोडून उतरवतं. आणि घरचं कराड नाहीतर कवलापूर सोडून जर्मनी कशाला? तिसऱ्यापासून सुरुवात करतो, त्याचं उत्तर सरळ आहे.

धावपट्टी होती तिथं परत न्या. उपग्रहाचा कॅमेरा बहुतेक वेळा तिरका बघत असतो. ते चित्र नंतर जमिनीच्या उंचीच्या नमुन्यावर ताणून सपाट करतात आणि त्यात काही मीटरचा फरक राहून जातो. लोकलायझरचा (आयएलएसमधला, विमानाला पट्टीच्या रेषेत आणणारा भाग) अक्ष मात्र एक्स-प्लेनच्या नॅव्हिगेशन डेटातून येतो, त्याला तुमच्या चित्राशी देणंघेणं नाही. बोईंग ७३७ च्या मुख्य चाकांमधलं अंतर साधारण पावणेसहा मीटर, म्हणजे विमानाच्या मध्यापासून एका बाजूला तीन मीटरही नाही. पट्टी चार मीटर सरकली की रंगवलेली रेषा चाकाच्याही बाहेर जाते. तुम्हाला दिसतंय ते हेच.

दोन्ही थ्रेशोल्डचे (उतरायची पट्टी जिथून सुरू होते त्या रेषांचे) अक्षांश-रेखांश जर्मनीच्या एआयपीतून (विमानतळांच्या अधिकृत माहिती-पुस्तिकेतून) घ्या आणि वर्ल्ड एडिटर या विमानतळ मांडायच्या साधनात हातानं टाका. तिथं आकडे अंश-मिनिट-सेकंदात असतात, एडिटरला दशांश लागतो. ३६ मिनिटं म्हणजे ०.६० अंश, ०.३६ नव्हे, ही गफलत झाली तर विमानतळ २६-२७ किलोमीटर दक्षिणेला जाऊन पडतो. थ्रेशोल्ड आत सरकवलेला असेल तर धावपट्टीचं टोक म्हणून डांबराचं खरं टोक द्यायचं आणि सरकवलेलं अंतर वेगळ्या रकान्यात भरायचं. पट्टी पक्की झाली की मग चित्राचे कोपरे हलवून ते पट्टीवर बसवा. एका टोकाचे पांढरे पट्टे जुळले आणि दुसऱ्या टोकाचे हुकले, तर चित्र फिरलेलं किंवा ताणलेलं आहे. नुसतं सरकवून भागणार नाही.

लांबी २४४० मीटरच का, असंही तुम्ही जाता जाता विचारलंय. ते ८००० फूट आहेत. पन्नाशीच्या दशकात नाटोच्या तळांसाठी ठरलेलं हे माप. वीझचं तेव्हाचं नाव लारब्रुख. तळ १९५४ साली सुरू झाला, ऱ्हाईनच्या पश्चिमेला, नेदरलँड्सच्या सीमेला खेटून. बुकॅनिअर, टोर्नेडो, शेवटी हॅरिअर अशी विमानं तिथं राहून गेली. प्रवासी वाहतूक २००३ मध्ये सुरू झाली ती याच पट्टीवर.

म्हणूनच शेल्टरं हवीत. जुन्या वाड्यात मंगल कार्यालय थाटलं तरी सोपा आणि चौक जागचे हलत नाहीत, तसं हे आहे. वीझला उतरल्यावर दिसणारी लांबच लांब मोकळी अंतरं, झाडीत शिरून वळसा घेऊन परत येणारे डांबरी फाटे, हे कुठल्याही नागरी आराखड्यात बसत नाही. १९६७ च्या युद्धात इजिप्तची विमानं जमिनीवरच जळाली, त्यानंतर नाटोनं प्रत्येक विमान काँक्रीटच्या कमानीखाली घालायला घेतलं. एका झेपेत ओळच्या ओळ उडू नये म्हणून ती शेल्टरं पांगवून, तोंडं वेगवेगळ्या दिशांना ठेवून बांधली. ती काढलीत तर फाटे कुठं आणि कशाला जातात ते कळत नाही. आजही तो भाग रिकामा नाही. पारूकाविल हा संगीत महोत्सव २०१५ पासून याच जुन्या तळावर भरतो.

मांडताना लोक एक शेल्टर करून सारख्या अंतरावर छापत जातात. ते लगेच खोटं वाटतं. प्रत्येकाचा हेडिंग-रकाना (तोंडाची दिशा) चित्रावरून वेगळा भरा. उंची सावलीवरून काढता येते. त्याच चित्रात उंची माहीत असलेलं काहीतरी शोधा. समजा १० मीटरच्या खांबाची सावली १६ मीटर पडली आहे आणि शेल्टरची १३, तर शेल्टर साधारण ८ मीटर. मात्र कमानीची सावली भिंतीच्या पायापासून मोजू नका. ती माथ्याची सावली असते, म्हणून माथ्याच्या रेषेपासूनच मोजायची. नाहीतर शेल्टर बसकं होतं. आणि दोन चित्रांचे तुकडे जिथं जोडलेत तिथं हा हिशेब करूच नका, दोन्हीकडचा सूर्य वेगळा असतो.

आता फ्रेम. तुम्हाला शेल्टरांचा संशय आहे, मला नाही. १६ भागांची कमान, मागची भिंत आणि दरवाजे मिळून तीनशे त्रिकोणही होत नाहीत. शिवाय एकच ऑब्जेक्ट, एकच टेक्स्चर (वरून चढवायचं रंगचित्र) आणि ॲनिमेशन नाही, असं असलं की एक्स-प्लेन सगळ्या प्रती एका दमात काढतं. अट मोडते ती दरवाजा उघडझाप करायला लावला की, किंवा प्रत्येक शेल्टरला वेगळी शेवाळ-डागांची फाईल दिली की. डाग हवेच असतील तर दोन-तीन प्रकार एकाच २०४८ पिक्सेलच्या टेक्स्चरवर शेजारी शेजारी रंगवा.

तुमचं खरं ओझं उपग्रह-चित्राच्या फरशांचं, म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या चौकोनी तुकड्यांचं आहे. ४०९६ पिक्सेलची एक फरशी डीडीएस फाईलच्या बीसी३ दाबणीत (चित्र लहान करायच्या पद्धतीत) १६ एमबी खाते, मिपमॅपसह (लांबून दाखवायच्या लहान प्रतींसह) २१ च्या वर. तुम्ही लिहिता की ३० फरशा लावल्यात. म्हणजे साडेसहाशे एमबी नुसती जमीन. चित्रात पारदर्शक कडा नको असेल तर बीसी१ वापरा, निम्म्यावर येईल. रानाखालच्या फरशा तर सरळ काढून टाका. झाडांखाली चित्र कोण बघतंय?

झाडांचा मुद्दा मात्र खरोखर किचकट आहे. एक्स-प्लेनचं आपोआप उगवलेलं रान शेल्टरांच्या छपरातून वर येतं, म्हणून एक्सक्लूजन (ठरावीक जागेतलं आपोआप आलेलं काढून टाकणारी खूण) लावावं लागतं. पण ते नेहमी अक्षांश-रेखांशाला समांतर आयत असतं, फिरवता येत नाही. ०९/२७ धावपट्टी जवळपास पूर्व-पश्चिम असल्यामुळं तिला आयत छान बसतो. वळसा घेतलेल्या फाट्यांना अजिबात नाही. छोटे छोटे आयत चिकटवण्यापेक्षा अख्ख्या कोपऱ्यावरचं रान उडवा आणि फॉरेस्ट पॉलिगॉननं (झाडांसाठी आखलेल्या आकारानं) हातानं परत लावा, शेल्टरांपुढचे चौथरे मोकळे ठेवून. त्याच आयतात रस्त्यांच्या खुणेवरही टिचकी राहिली तर हद्दीबाहेरचा रस्ता मधेच तुटतो, तेवढं बघा.

तुम्ही वर्णन केलेला प्रकार, एटीसीनं (सिम्युलेटरमधल्या हवाई वाहतूक नियंत्रकानं) ७३७ ला शेल्टरांच्या गल्लीत धाडलं, तो माझ्या पॅकमधला नाही. तुम्ही नंतर जोडलेल्या टॅक्सी-मार्गांचा आहे. डांबर आहे म्हणून मार्ग काढायचा नसतो. जुन्या फाट्यांवर डांबराचा आकार ठेवा, टॅक्सी नेटवर्कची एकही कडी तिथं नेऊ नका. चालू मार्गांच्या कड्यांना रुंदीचा कोड सी द्या, कारण ७३७-८०० चा पंखविस्तार ३५.८ मीटर, तो त्यात बसतो. शेल्टरांसमोर रॅम्प स्टार्ट (विमान उभं करायच्या जागा) ठेवायचेच असतील तर ऑपरेशनचा प्रकार ‘काही नाही’ असा निवडा. ‘मिलिटरी’ ठेवलंत तर सिम्युलेटर आपणहून तिथं लढाऊ विमानं आणून उभी करतो, आणि आजच्या वीझला ती नकोत.

कराडचं म्हणाल तर माझी ना नाही. पण ती पट्टी कोयना प्रकल्पाच्या निमित्तानं झालेली, साधी, छोटी. लष्करी तळाचा थर तिथं नाही, त्यामुळं या लेखमालेत ती बसत नव्हती. तिथली अडचणही वेगळी आहे: आगाशिव डोंगराच्या बाजूचे चढउतार सिम्युलेटरच्या मूळ मेशमध्ये (जमिनीच्या उंचसखल जाळीत) बोथट झालेले असतात. तिथं ‘ऑल्वेज फ्लॅटन’वर टिचकी मारली की पट्टी सपाट होते, पण हद्दीच्या कडेला जमीन पायरीसारखी तुटू शकते. आधी ती खूण न लावता उतरून बघा. पट्टी थोडी उताराची राहिली तर राहू द्या.

शेवटी, काही शेल्टरं तुमच्याकडं दिसतच नाहीत असं लिहिलंय, त्याबद्दल. सीनरी पॅक्सची आयएनआय फाईल (कुठला पॅक कुणाच्या वर ते ठरवणारी यादी) नोटपॅडमध्ये उघडा. विमानतळाची ओळ वर, त्याखाली ओव्हरले (जमिनीवर ठेवलेल्या वस्तूंचे थर), त्याखाली चित्र, मेश सगळ्यात तळाला. तुम्ही डाउनलोड केलेलं दुसरं कुठलं वीझ माझ्या ओळीच्या वर बसलं असेल, तर त्याची एक्सक्लूजन माझी शेल्टरं खात असतील. ते खाली न्या किंवा बंद करा, सिम्युलेटर पुन्हा सुरू करा. तरीही दिसली नाहीत तर लॉगच्या फाईलमधल्या ‘एरर’च्या ओळी इथं खाली टाका, बघतो.