आकडा वर आला, पण अंगात त्राण कुठे?

मधुमेहात रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की काय खावं, हे तुमच्या साखर उतरण्यावरच्या लेखात नीट सांगितलंय. पण नंतरच्या गळाठ्यावर एवढी एकच ओळ? मी इन्सुलिनवर आहे. ग्लुकोमीटर ११० दाखवतो, घरचे म्हणतात "झालं ना आता ठीक", आणि मला मात्र पाय उचलवत नाहीत. डोकं ठणकतं, साधा हिशेब जमत नाही, उगाच रडू येतं. साखर उतरताना शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडतं. घाम, थरथर, धडधड त्याचीच. मेंदूचं इंधनही तेवढा वेळ तुटलेलं असतं. आकडा १५-२० मिनिटांत सुधारतो, डोकं ताळ्यावर यायला त्याहून बराच वेळ लागतो. रात्री झोपेत उतरली तर दुसरा दिवस गेलाच समजा. (हे ऑफिसात समजावणं हा वेगळाच ताप!)

आणखी एक. एकदा साखर उतरली की पुढचा दिवसभर शरीराचे इशारे मंदावतात, म्हणून थकवा समजून आडवं होण्याआधी पुन्हा तपासा. व्होग्लिबोजची (साखरेचं पचन मंदावणारी, मधुमेहाची) गोळी चालू असेल तर साध्या साखरेने लवकर फरक पडत नाही, ग्लुकोज पावडरच जवळ ठेवा. आमच्याकडे लगेच पेढा पुढे करतात, पण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर हळूच चढते.