शनिवारी मंगळदास मार्केट, रात्री व्हूडू

आमची पीजे, म्हणजे पाचोरा-जामनेर छोटी गाडी, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबली ती थांबलीच. आता अधूनमधून कुणीतरी तिचा जुना फोटो टाकतं आणि खाली सगळे हळहळतात. मीही हळहळलोय. पण ज्या जागेची मला खरी आठवण येते ती मुंबईत, कुलाब्यात होती, आणि तिच्याबद्दल पाचोऱ्यात कुणापाशी तोंड उघडायची सोय नव्हती. आज उघडतो. मी समलिंगी आहे. या मित्रयादीतल्या निम्म्यांना ठाऊक आहे, उरलेल्यांना आता कळलं.

व्हूडू नावाचा पब होता. आर्थर बंदर रोड, ताजच्या मागच्या अंगाला. नव्वदच्या दशकात तिथली शनिवारची रात्र आमच्यासारख्यांची असायची. जागेत पाहण्यासारखं काही नव्हतं. अंधार, धूर, घाम, आणि बाथरूमबद्दल तर न बोललेलंच बरं. आमचं कापडाचं दुकान, त्यामुळे मंगळदास मार्केटला माल बघायला चाललो म्हटलं की घरात पुढचा प्रश्न यायचा नाही. (माल खरंच आणायचो. रिकाम्या हाताने परत आलो असतो तर वडिलांनी सोडलं असतं का?)

तिथे एक गृहस्थ यायचे. पन्नाशीचे, इन केलेला शर्ट, थेट ऑफिसातून आल्यासारखे. बॅग पायाशी ठेवायचे आणि तिच्याभोवतीच नाचायचे. मध्येच त्यांचा पाय लागला की आतला स्टीलचा डबा खडखडायचा. नाच म्हणाल तर सुमार. पण त्यांना कुणी हसायचं नाही. मला त्याचंच नवल वाटायचं.

कारण खान्देशात पुरुष नाचत नाही असं थोडंच आहे? हळदीच्या रात्री बघा. आहिराणी गाणं लागलं की पोरं धूळ उडवतात. वरातीत तोंडात रुमाल धरून नागीण होते. एखाद्या पोराला साडी नेसवून मध्ये ढकलतात, शिट्ट्या पडतात, त्याच्यावर नोटा ओवाळतात. सगळं चालतं, गंमत आहे तोवर. त्या पोराला ती साडी खरंच आवडली असं कुणाला दिसलं, की दुसऱ्या दिवशी पानटपरीवर तो बायल्या. म्हणून आमच्यातले कितीतरी जण लग्नात सगळ्यात जास्त चाळे करून नाचतात. लोकांनी हसावं म्हणूनच, कारण ते हसले नाहीत तर निरखून बघतील. व्हूडूत चाळे करावे लागत नव्हते.

एकदा तिथे कानाशी आवाज आला, "कथाना शेस रे भाऊ?" माझी पाचावर धारण बसली. मुंबईत सगळं सोसवेल, पण आपल्या भाषेत गाव विचारणारा माणूस? मी धुळं सांगितलं. त्याने नंदुरबार सांगितलं. दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत चाळीसगाव गेल्यावर तो उतरायच्या तयारीने दाराशी उभा दिसला. उतरला पाचोऱ्यालाच.

आमच्यासारख्यांचे संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७ डोक्यावर होतं तेव्हा ही जागा चालू होती. दिल्ली हायकोर्टाने २००९ मध्ये दिलासा दिला, सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये तो काढून घेतला आणि ६ सप्टेंबर २०१८ ला परत दिला. पेढे वाटायची वेळ आली तोवर व्हूडूला कुलूप लागून गेलं होतं. डान्स बारवर २००५ मध्ये बंदी आली तेव्हा केवढा गदारोळ झाला, कोर्टकचेऱ्या झाल्या. हे मात्र मुकाट्याने मिटलं.

"आता भेटीगाठी जुळवायला ॲप आहेत की, बार कशाला हवा?" असं मुंबईतले मित्र म्हणतात. त्यांचं बरोबर असेल, त्यांच्यापुरतं. पाचोऱ्यात ॲप उघडलं की आठशे मीटरवर एक बिनचेहऱ्याचा फोटो दिसतो. तो गिऱ्हाईक असेल, शेजारी असेल, किंवा भेटायला बोलावून पैसे उकळणाऱ्या टोळीतला असेल. अशा बातम्या आपल्या पेपरांत येतातच. मुंबईत पार्ट्या आजही होतात, पण आज या हॉटेलात, पुढच्या वेळी त्या. इन्स्टाग्रामवर कळतं आणि तिकीट ऑनलाइन काढावं लागतं. ज्याचा मोबाइल घरात चार जण हाताळतात त्याने काय करायचं? व्हूडूचा पत्ता ठरलेला होता, वार ठरलेला होता. एकदा ऐकला की डोक्यात राहायचा, कुठे लिहून ठेवायला नको. लंडनमध्येही असे बार दहा-बारा वर्षांत निम्म्याहून कमी उरले, पण तिथे विद्यापीठाने त्यांची मोजदाद केली, महापालिका त्यावर बोलते. मुंबईच्या बारचं जे काही लिहिलं जातं ते मुंबईकरच लिहितात. रात्रभर चालू डब्यात बसून येणारे त्यात कुठेच नसतात, आणि ते कमी नव्हते.

त्यातलं कुणी हे वाचत असेल तर खाली काही लिहू नका, लाइकही करू नका. इनबॉक्समध्ये या. गाव खोटं सांगितलंत तरी चालेल.