गुंड्या बसला म्हणजे लवंग आहे

आमच्या घरी सध्या लवंगा कुलपात असतात. बरणी तीन पिशव्यांत गुंडाळलेली, पिशव्या स्टीलच्या डब्यात, डबा लोखंडी कपाटात आणि किल्ली लेकीकडे. मसालेभात करायचा झाला तर मला आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. "किती हव्यात?" "चार." "चार कशाला? आणि हात कुठे धुणार तू?" हा संवाद माझ्याच ओट्यापाशी होतो, आणि त्यात प्रश्न विचारणारी मी नसते.

याला कारण गुंड्या. एक कान उभा, एक पडलेला, रस्त्यावरून उचलून आणलेलं आमचं गावठी कुत्रं. त्याचं शिक्षण 'बस' आणि 'ये' यांच्यापुढे कधी गेलं नाही, आणि त्याबद्दल घरात कुणाची तक्रारही नव्हती. मग लेकीच्या वाचनात आलं की अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, शोधकुत्रे तयार करणाऱ्या मंडळींनी घरगुती कुत्र्यांसाठी एक खेळ काढला आहे. ठरावीक वास लपवायचा आणि कुत्र्यानं तो हुडकायचा. वास तीन. एक बर्च नावाच्या झाडाचा, दुसरा विलायती बडीशेपेचा, तिसरा लवंगेचा. बर्चचं तेल नागपुरात कुठे शोधणार? लवंगेचं मात्र कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये दाढदुखीच्या औषधांत उभं होतं. झालं, लवंग ठरली.

ज्यांनी हे वास निवडले त्यांच्या घरी लवंग नाताळापुरती बाहेर येत असावी. त्यांच्या दिवाणखान्यात लवंगेचा वास आला तर तो कुणीतरी मुद्दाम ठेवलेलाच असणार. आमच्याकडे गरम मसाला, नारळीभात, चहाचा मसाला, दंतमंजन, सर्दीचा काढा, पानाचा विडा आणि सासूबाईंची दाढ, इतक्या ठिकाणी लवंग आधीपासूनच राहायला आहे. हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण आईचं म्हणणं स्वयंपाकापुरतं ऐकायचं, शास्त्रापुरतं नाही, असा या पिढीचा नियम आहे.

शास्त्र असं. कापूस लावलेल्या कान कोरायच्या काड्या घ्यायच्या, काचेच्या बरणीत तेलाचे दोन थेंब टाकायचे आणि बरणी बंद करून काड्या रात्रभर मुरू द्यायच्या. काडीला थेट तेल लावायचं नाही, नुसत्या वासानं ती भरली पाहिजे. मग हातमोजे घालून, चिमट्यानं उचलून, एक एक काडी भोकं पाडलेल्या डबीत. डब्या म्हणजे मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लुटायला आणलेल्या स्टीलच्या डब्या. त्यांच्या झाकणांना खिळ्यानं भोकं पडलेली बघून मी काही बोलले नाही. पुढच्या संक्रांतीला बायका बोलतील.

पहिला धडा सोपा होता. डबी नाकाशी धरायची, गुंड्यानं हुंगली की लगेच तिथेच पनीरचा तुकडा. पुन्हा डबी, पुन्हा पनीर. पोलिसांच्या कुत्र्यांना बरेचदा बक्षीस म्हणून चेंडू देतात म्हणे, खेळणं हाच त्यांचा पगार. गुंड्यानं चेंडूकडे ढुंकून पाहिलं नाही. चिकन चाललं असतं, पण सासूबाईंच्या देखत या घरात चिकन शिजायचं नाही. त्यामुळे हा संबंध अभ्यासक्रम पनीरवर चालला. पनीरचा भाव मला माहीत आहे, गुंड्याला नाही.

कुत्र्याच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी 20 ते 30 कोटी असतात, आपल्या नाकात जेमतेम 50-60 लाख. हुंगताना तो सेकंदाला पाचेक वेळा हवा आत ओढतो, आणि बाहेर सोडतो ती नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून, म्हणजे आत येणारा वास उडून जायला नको. मला हे आता तोंडपाठ आहे. कुकरच्या शिट्या मोजताना कानावर पडतच असतं.

दुसऱ्या धड्यात चपलांचे रिकामे खोके ओळीनं मांडले आणि एकात डबी लपवली. गुंड्यानं ओळीवरून एकदा नाक फिरवलं आणि नेमक्या खोक्यापाशी थांबला. आम्ही टाळ्या वाजवल्या. लेक मात्र कपाळाला आठी घालून बसली. "त्याला लवंग सापडली नाही, माझा हात सापडला." म्हणजे असं, की डबी ठेवताना तिचा हात त्या एका खोक्याला सगळ्यात शेवटी लागला होता, आणि कुत्र्याच्या दृष्टीनं ताज्या हाताचा वास हा मोठा पुरावा. मग सगळ्या खोक्यांत डब्या आल्या. एकीत लवंग, बाकीच्यांत कोऱ्या काड्या, सगळ्यांना तेच मोजे, तेवढाच स्पर्श. गुंड्यानं तेही पचवलं. मग तिला शंका आली की तो लवंग शोधत नसून 'काहीतरी वेगळं' शोधतोय. म्हणून दुसऱ्या डब्यांत जिरं, चहाची पूड, कॉफी. ज्याचं उत्तर बरोबर येतं त्याच्यावर इतका संशय मी आजवर फक्त गणिताच्या सरांना घेताना पाहिलं होतं.

त्यानंतर संशय माझ्यावर आला. "आई, तू आत जा. तुझ्या चेहऱ्यावर दिसतं." मी म्हटलं, मी सोफ्यावर मेथी निवडतेय, माझ्या चेहऱ्यावर मेथी दिसत असेल. तर तिनं मला हान्सची गोष्ट ऐकवली. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी बर्लिनला हान्स नावाचा घोडा होता, बेरीज-वजाबाकी करून टाप आपटून उत्तर द्यायचा. 1907 साली फुंग्स्ट नावाच्या माणसानं तपास केला तेव्हा कळलं की घोड्याला गणित काही येत नाही. बरोबर आकडा आला की समोरच्या माणसाचं अंग नकळत सैल पडायचं, तेवढं बघून तो थांबायचा. घोड्यांचं एक वेळ ठीक आहे. पण 2011 मध्ये कॅलिफोर्नियातल्याच एका विद्यापीठाच्या लोकांनी शोधकुत्रा आणि त्याला सांभाळणारा माणूस अशा 18 जोड्यांना एका चर्चमध्ये नेलं. तिथे अमली पदार्थ नव्हता, स्फोटकंही नव्हती. सांभाळणाऱ्यांना मात्र सांगून ठेवलं होतं की लाल कागद दिसेल तिथे वास आहे. कुत्र्यांनी 'सापडलं' असं सांगितल्याची नोंद झाली, एकदा नव्हे, पुष्कळदा. वास माणसांच्या डोक्यात होता.

एवढं ऐकल्यावर मेथीची जुडी घेऊन मी आत गेले. पुढे तर असं ठरलं की डबी कुठे आहे हे खोलीतल्या कुणालाच माहीत नको. लपवायचं काम यांच्याकडे आलं. हे डबी लपवून बाहेर येत, दार लावून घेत आणि कुठे ठेवली ते साफ विसरत. शास्त्राच्या दृष्टीनं असा माणूस दुर्मीळ.

आता मे महिना. पंख्याच्या वाऱ्यानं वास उडतो, समोरच्या भिंतीला लागून साचतो आणि कुत्रा डबी सोडून भिंतीची चौकशी करत बसतो. म्हणून पंखा बंद, कूलरही बंद. नागपुरात, मे महिन्यात! कामाला येणारी बाई दारात थबकली, घामानं निथळणारी आमची रांग पाहिली आणि म्हणाली, "बाप्पा, लाइट गेली का?" लाइट होती हे सांगायचं धैर्य कुणाला झालं नाही. बरं, गुंड्याला उकाड्यानं धाप लागली की तो जीभ बाहेर काढून बसे, आणि तोंडानं धापा टाकणारा कुत्रा हुंगणार कशानं? शेवटी वर्ग पहाटे साडेपाचला भरू लागला.

सापडलं हे सांगायचं कसं, तर बसून. उकरायचं नाही, भुंकायचं नाही, डबीला पंजा लावायचा नाही. बाँब शोधणाऱ्या कुत्र्यानं उकरून काय होईल हे सांगायला नको. लेकीनं फ्रिजवर मुंबई पोलिसांच्या झंजीरचा फोटो चिकटवला होता. पुण्यात शिकलेला तो पिवळसर लॅब्रॅडोर. 1993 च्या बाँबस्फोटांनंतर त्यानं तीन हजार किलोहून जास्त आरडीएक्स हुडकून दिलं, आणि 2000 साली गेला तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. सासूबाई देवाला फूल वाहून झालं की एक फूल फ्रिजवरही ठेवायच्या.

या शांतपणे बसण्याचा अनुभव माझ्या ताईला आधीच आला होता. अमेरिकेतल्या विमानतळांवर हिरवी जाकिटं घातलेले बीगल जातीचे शोधकुत्रे हिंडतात. ही पद्धत 1984 साली लॉस एंजेलिसला सुरू झाली. त्यांना सुरुवातीला जे पाच वास शिकवतात त्यांत गोमांस, डुकराचं मांस आणि सफरचंद आहे, ते समजू शकतं. उरलेले दोन म्हणजे संत्र्या-लिंबाचा आणि आंब्याचा. म्हणजे विदर्भ आणि कोकण दोन्ही पहिल्याच इयत्तेत. ताईच्या बॅगेत नातवासाठी हापूस होते. बीगल येऊन तिच्या बॅगेशी टुणकन बसला. ताई म्हणाली, "बाई गं, किती गुणी! न सांगता बसलंय." आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवायला वाकली.

गुंड्याचं बसणं पक्कं झालं आणि मग घरात कुणाला चैन उरलं नाही. सासूबाईंनी दाढेत लवंग धरली की हा त्यांच्या खुर्चीपुढे येऊन बसणार आणि त्यांच्या तोंडाकडे टक लावणार. त्या जप थांबवून म्हणत, "काय रे, काय झालं?" आणि तोंड उघडल्यावर पुरावा आणखीच बळकट होई. सकाळी तो गॅलरीतल्या तुळशीपुढे बसू लागला. लेकीनं समजावलं की लवंगेचा जो मुख्य अर्क, युजेनॉल, तो तुळशीतही असतो, त्यामुळे त्याची गफलत होत असावी. सासूबाईंनी ते एका कानानं ऐकलं. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे असतात, युधिष्ठिराबरोबर शेवटपर्यंत एक गेला, आणि याला तुळशीपुढे बसायला युजेनॉल लागतं होय? आता त्या पूजेच्या वेळी त्याला हाक मारून बोलावतात.

यांचं प्रकरण जरा गंभीर झालं. एका संध्याकाळी गुंड्या यांच्या उजव्या गुडघ्याला नाक लावून हुंगला आणि समोर बसला. हटेना. दुर्दैवानं त्याच आठवड्यात लेकीनं जेवताना सांगितलं होतं की 1989 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांनी लिहिलं होतं, एका बाईच्या पायावरचा तीळ तिचा कुत्रा सारखा हुंगायचा, अगदी पँटवरूनही, आणि तपासल्यावर तो त्वचेचा कॅन्सर निघाला. यांनी पायजमा वर केला. गुडघ्याखाली एक तीळ होता. लग्नाच्या अल्बममध्येही तो असेल, पण त्या क्षणी यांना तो नवा वाटला. वरणभात तसाच राहिला. विम्याचे कागद कुठे आहेत ते मला दाखवून झालं. डॉक्टरांचा नंबर शोधता शोधता माझं लक्ष टीपॉयवरच्या बामच्या डबीकडे गेलं. उलटी करून बारीक अक्षरं वाचली. कापूर, निलगिरी, लवंगतेल. "दुपारी गुडघ्याला लावला होता का?" "थोडासा." गुंड्याला पनीर मिळालं. यांना वाढलेलं ताट पुन्हा गरम करून मिळालं.

शेवटी लेकीनं परीक्षा ठरवली. डब्या लपवायला त्रयस्थ माणूस हवा, म्हणून चौथ्या मजल्यावरचे काका आले. काकू बघायला आल्या. काकांनी आत जाऊन, मोजे घालून, अगदी जबाबदारीनं तीन डब्या लपवल्या आणि बाहेर येऊन भिंतीशी उभे राहिले. गुंड्या आला. त्यानं खोली पाहिली, सोफा पाहिला, आणि सरळ चालत जाऊन काकांच्या पुढ्यात बसला. मान वर, नजर शर्टाच्या खिशावर.

"अरे, इकडे काय करून राहिला बे? तिकडे शोध," काका म्हणाले.

लेक हळूच म्हणाली, "काका, मोजे नीट धुतलेले होते ना?" काकूंनी मात्र मोज्यांचा विचार केला नाही. त्या उठल्या, काकांच्या खिशात दोन बोटं घातली आणि कागदात गुंडाळलेला विडा बाहेर काढला. वर लवंग टोचलेली होती. डॉक्टरांनी बंद करायला सांगितल्यापासून काकांनी पान सोडलं होतं. निदान काकूंच्या समजुतीप्रमाणे.

गुंड्याला पनीर द्यायचं की नाही यावर लेक क्षणभर अडखळली. ही डबी परीक्षेतली नव्हती, पण उत्तर चूक म्हणता येत नव्हतं. काकूंनीच तिच्या हातातून वाटी घेतली आणि सगळं पनीर त्याला घातलं.

"तंबाखूचं शिकवता येतं का गं याला?" त्यांनी विचारलं.

"येतं की. तिकडे इंग्लंडमध्ये लपवलेल्या सिगारेटी शोधायला वापरतात."

काकूंनी पनीरचा खर्च अर्धा देऊ केला आहे. मी पूर्ण मागितला आहे. काका हल्ली लिफ्टच्या दारातून आधी आत डोकावतात, गुंड्या दिसला की "तुम्ही व्हा पुढे" म्हणतात आणि चार मजले जिन्यानं चढतात.